शेजारच्या पेटीतल्या बाळाची आई

एका आईने विचारलं आहे: "माझं बाळ २९ आठवड्यांनीच जन्मलं, वजन ११०० ग्रॅम. आता तीन आठवडे होतील. सीपॅप (श्वासाला मदत म्हणून नाकातून दाबाने हवा देणारं यंत्र) निघालाय, दर दोन तासांनी १८ मिली दूध नळीने घेतोय. दूध काढायच्या खोलीत एका बाईंशी खूप जवळीक झाली होती, रात्री आम्ही एकमेकींना उठवायचो. चार दिवसांपूर्वी त्यांच्या मुलीचं पोट फुगलं, दूध बंद केलं, पुन्हा व्हेंटिलेटर लावला. तेव्हापासून मी त्यांच्या वेळा टाळतेय. काय बोलावं कळत नाही, आणि माझ्या बाळाचं बरं चाललंय हे सांगायची लाज वाटते. सासूबाई म्हणतात, तिथे कुणात गुंतू नकोस, वजन तर कुणाला सांगूच नकोस. अशा ठिकाणी मैत्री करावी की नाही?"

करावी. आणि जी झाली आहे ती सोडू नये.

नवजात अतिदक्षता विभागात (एनआयसीयूत) परिचारिका म्हणून मी उमेदीची वर्षं काढली, आता स्तनपान समुपदेशनाचं काम करते. दूध काढायची खोली ही माझी रोजची जागा, त्यामुळे तुमचा प्रश्न वाचताना तुम्ही दोघी कुठे बसत असाल तेसुद्धा डोळ्यांसमोर आलं. एनआयसीयूतल्या आईला धीर द्यायला घरचे असतात, डॉक्टर असतात, आम्ही सिस्टर असतो. पण मॉनिटर वाजला की तिच्या पोटात जो गोळा येतो, तो न सांगता कळणारी व्यक्ती एकच: शेजारच्या पेटीतल्या बाळाची आई. घरी बारशाची चौकशी चालू असते, फोनवर कुणीतरी "काचेत किती दिवस ठेवणार अजून?" असं विचारत असतं. इथे असलं काही विचारायची कुणाला गरजच पडत नाही.

याला नुसता माझा अनुभव आधार नाही. कॅनडात टोरोंटोमध्ये फार लवकर जन्मलेल्या बाळांच्या आयांना, त्याच वाटेने आधी गेलेल्या पालकांशी जोडून देण्याचा उपक्रम झाला. त्याचा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना अशी सोबत मिळाली, त्या आयांवरचा ताण काही आठवड्यांतच कमी दिसला आणि चार महिन्यांनी त्यांच्यात चिंता आणि नैराश्यही कमी आढळलं. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी असं कुणी ठरवून जोडून देत नाही. ते काम दूध काढायच्या खोलीत आपोआप होतं, किंवा होतच नाही.

होतं तेव्हा कसं होतं, हे मी अनेकदा पाहिलं आहे. सुरुवात दुःख सांगण्यातून क्वचितच होते. ती हाताने होते. सिझेरियनची नवी आई ओणवी चालत येते, वाटी धुऊन घेते आणि पाऊण तास बसून दोन-चार थेंब काढते. पिवळसर घट्ट चीक, वाटीच्या तळाला जेमतेम लागलेला. तो बघून तिला रडू फुटतं. मग शेजारची जरा जुनी आई आपलं काम थांबवून म्हणते, "अगं, टोकाला नको दाबूस, मागे घे बोटं. आधी छातीकडे दाब, मग जवळ आण." ती स्वतःच्या अंगावर करून दाखवते. हेच मी सांगितलं असतं तरी बरोबरच होतं. पण मी सांगितलं की ती सिस्टरची सूचना ठरते. कालपरवापर्यंत स्वतः चार थेंबांवर रडलेल्या बाईने सांगितलं की तिला ते जमेलसं वाटतं. तेवढाच चीक सिरिंजमध्ये भरून बाळाच्या गालाच्या आत लावला जातो आणि तो वाया गेला नाही हे दोघी मिळून बघतात. पुढची ओळख तिथून वाढते. बाटलीवर नाव, तारीख, वेळ लिहायला पेन कुणाचं, आळिवाचे लाडू कुणाच्या घरून आले, रात्री दोनचा गजर कुणाच्या मोबाइलचा.

हा रात्रीचा गजर साधा नाही. बाळ अंगावर पीत नसताना दूध टिकवायचं तर चोवीस तासांत निदान आठ वेळा काढावं लागतं आणि त्यातली एक वेळ रात्रीची हवीच. एकटी आई ती हटकून चुकवते, दमलेली असते बिचारी. दोघी असल्या की एक उठते आणि दुसरीला उठवते. तुम्ही दोघींनी हेच केलंत. तुमच्या बाळाच्या पोटात जाणाऱ्या त्या १८ मिलीत त्या बाईंचाही वाटा आहे.

आता सासूबाईंचं म्हणणं. मी ते उडवून लावणार नाही. दृष्ट लागण्याबद्दल मला काही म्हणायचं नाही, पण वजन न सांगण्याचा सल्ला वेगळ्या कारणाने बरोबर आहे. एनआयसीयूत पालकांचं सगळ्यात मोठं नुकसान आकड्यांच्या तुलनेने होतं. जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत सगळ्याच बाळांचं वजन उतरतं. वेळेआधी आलेल्या बाळाचं दहा-पंधरा टक्क्यांपर्यंतही उतरू शकतं आणि मूळ वजनावर यायला दोन आठवडे लागतात. आता एक बाळ आठवड्याचं आणि दुसरं तीन आठवड्यांचं, एक २९ आठवड्यांनी आलेलं आणि दुसरं ३४ आठवड्यांचं पण पोटातच वाढ खुंटलेलं. दोन्ही १२०० ग्रॅमची. त्यांचा एकमेकांशी काहीही संबंध नसतो. तरी "त्यांचं तीस ग्रॅम वाढलं, आमचं दहाच" म्हणून आई जेवत नाही. सीपॅपचे दिवस, दुधाचे मिली, सोनोग्राफीचा रिपोर्ट, सगळ्याचं असंच होतं. म्हणून मैत्रीत आकडे आणू नका. तुमचं बाळ आज कसं आहे हे बोला. ते त्यांच्या बाळाच्या पुढे की मागे, हा विषयच नको.

पण "कुणात गुंतू नकोस" हे मात्र मला पटत नाही. न गुंतलेली आई सुरक्षित राहते असं मी पाहिलेलं नाही. ती फक्त एकटी राहते.

मूळ प्रश्न त्या बाईंचा. पोट फुगलं, दूध थांबवलं, व्हेंटिलेटर लावला, म्हणजे डॉक्टरांना आतड्याला सूज किंवा संसर्ग असल्याची शंका असावी. कमी दिवसांच्या बाळांत हे होतं, गंभीर असतं आणि बरीचशी बाळं यातून बाहेरही येतात. नक्की काय झालं आहे ते त्यांचे डॉक्टर त्यांना सांगतील. तुम्ही अंदाज बांधू नका आणि मोबाइलवर शोधून त्यांना वाचून तर अजिबात दाखवू नका.

तुम्ही टाळताय हे त्यांच्या लक्षात आलेलं आहे. अशा वेळी आईला सगळं दिसतं: कोण नजर चुकवतं, कोण वेळ बदलतं. आपल्या बाळाचा विटाळ झाल्यासारखे लोक लांब सरकले, असं तिला वाटतं. म्हणून आजच जा. नेहमीच्या वेळेला जा, नेहमीच्या जागी बसा. म्हणायचंच तर सरळ म्हणा, "मी घाबरले होते, म्हणून आले नाही." बास. "काळजी करू नका, सगळं ठीक होईल" असं म्हणू नका. ते तुम्हाला माहीत नाही आणि त्यांनाही कळतं की तुम्हाला माहीत नाही. "माझ्या नणंदेच्या बाळालाही असंच झालेलं" हेसुद्धा नको. "डॉक्टर काय म्हणाले?" हा प्रश्न त्यांनी दिवसभरात दहा जणांकडून ऐकलेला असतो. त्याऐवजी "जेवलात का?" विचारा आणि डबा पुढे करा. त्या बोलल्या नाहीत तर बोलू नका. उठून जा म्हणाल्या तर जा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा या.

आणि एक काम आहे जे या घडीला तुमच्याइतकं चांगलं कुणी करू शकणार नाही. बाळाचं दूध बंद झालं की आईला वाटतं, आता काढून तरी काय उपयोग? ती थांबते. तीन-चार दिवसांत दूध आटायला लागतं. आतड्याला विश्रांती देऊन पुन्हा दूध सुरू करायची वेळ येते तेव्हा डॉक्टर सगळ्यात आधी मागतात ते आईचंच दूध, कारण तेच त्या नाजूक आतड्याला सर्वांत कमी त्रासाचं असतं. नेमकं तेव्हा ते नसतं. म्हणून या काळात दूध काढत राहणं आणि विभागाच्या पद्धतीप्रमाणे साठवून ठेवणं, हे त्या मुलीच्या उपचाराचाच भाग आहे. हे त्यांना तिथली सिस्टर समजावून सांगेल. पण रात्री दोनला हलवून "चला, उठा" म्हणणारी तुम्हीच. रोज म्हणत होतात तसंच म्हणा.

तुमच्या आनंदाचं काय करायचं हाही प्रश्न आहेच. सीपॅप निघाला हे लपवू नका. त्यांना मॉनिटरशेजारी दिसतच असतं. विचारलं तर साधेपणाने सांगा. पेढे मात्र त्या खोलीत वाटू नका. ज्यांची बाळं अजून झुंजत आहेत त्या आयांच्या हातात पेढा दिला की त्या हसून घेतात आणि बाथरूममध्ये जाऊन रडतात. आनंदाला लाजायचं कारण नाही, फक्त त्याची जागा बघायची. आणि त्यांना तुमचा हेवा वाटला तर तो अंगाला लावून घेऊ नका. हेवा आणि माया एकाच बाईच्या मनात एकाच वेळी असतात. उद्या पारडं फिरलं तर तुम्हालाही तसंच वाटेल.

कधीकधी बाळ जातं. तुमच्या मैत्रिणीच्या बाबतीत ते होऊ नये, पण प्रश्न मैत्रीचा आहे तर हे टाळून पुढे जाता येत नाही. बाळ गेलं की त्या कुटुंबाची खोली तासाभरात रिकामी होते आणि बाकीचे पालक भिंतीकडे बघत बसतात. दुसऱ्या दिवशी त्या बाईचं कुणी नावही घेत नाही. तुम्ही फोन करा. एवढंच म्हणा की तुमच्या मुलीची मला आठवण येते. नाव ठेवलं असेल तर नाव घ्या. त्या बाळाला पाहिलेली माणसं जगात मोजकीच असतात आणि त्यांतल्या तुम्ही एक आहात. "दुसरं होईल" हे वाक्य कधीही तोंडातून निघू देऊ नका. बाळ गेलं तरी आईला दूध येत राहतं, छाती दुखते, अंगावरचे कपडे भिजतात, आणि याबद्दल तिच्याशी घरात कुणी बोलत नाही. थंड पट्ट्या, आवश्यक तेवढंच थोडं दूध काढून दाब कमी करणं आणि डॉक्टरांचा सल्ला, एवढं तिला सांगायला कुणीतरी हवं असतं. काही आया त्या दुधाचं दान करू इच्छितात, तेही शक्य असतं. पण ते तिने ठरवायचं, आपण सुचवायची घाई करायची नाही.

दानाचा विषय निघालाच आहे तर मैत्रीच्या मर्यादाही सांगून टाकते, कारण प्रेमापोटीच इथे चुका होतात. एका आईला भरपूर दूध, दुसरीला नाही, मग "माझं घे ना" असं परस्पर होतं. हे करायचं नाही. दुधातून काही संसर्ग जाऊ शकतात. त्यासाठीच दुग्धपेढी असते: देणाऱ्या आईच्या रक्ताच्या तपासण्या होतात आणि दूध ६२.५ अंशांवर ३० मिनिटं तापवून निर्जंतुक केलं जातं. आशियातली पहिली दुग्धपेढी मुंबईत शीव रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली सुरू केली, आणि आता राज्यात इतरही ठिकाणी त्या आहेत. द्यायचं असेल तर त्या मार्गाने द्या. दुसऱ्याच्या बाळाला हात लावायचा नाही, पेटीचं दार उघडायचं नाही, ते कितीही रडत असलं तरी. सिस्टरला हाक मारायची. एका बाळाचे जंतू दुसऱ्याकडे जातात ते बहुतेक वेळा हातांवरूनच. दुसऱ्यांच्या बाळाचा फोटो काढून ग्रुपवर टाकायचा नाही. आणि बाळगुटी, मध, काजळ यांचे सल्ले कितीही आपुलकीने आले तरी तिथेच थांबवायचे.

पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपबद्दल माझं मत थोडं कडक आहे. चार-पाच जणींचा, ओळखीचा ग्रुप चांगला. पन्नास-साठ जणांचा ग्रुप म्हणजे रात्री एक वाजता कुणाच्या तरी बाळाची वाईट बातमी आणि त्याखाली तीस जणांचे हात जोडलेले. त्याने कुणालाच झोप लागत नाही.

बापांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण तुमचे यजमान बाहेर कुठल्या जिन्यावर बसलेले असतील तिकडेही बघा. बाप रडत नाहीत, ते धावपळ करतात: रक्तपेढी, मेडिकल, बिलाची खिडकी. त्यांची दोस्तीही तिथेच होते. एकाला खिडकीवर परत पाठवलं, दुसऱ्याने ते काम कालच करून घेतलेलं असतं, तो फाइल उघडून दाखवतो. महात्मा फुले जनआरोग्य योजनेसाठी कोणते कागद लागतात; धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवाव्या लागतात; जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयात आजारी बाळाचे उपचार वर्षभरापर्यंत मोफत असतात: ही माहिती फलकावर असते, पण पोचते ती जिन्यावरच्या गप्पांतून. कागदांची खात्री मात्र वैद्यकीय समाजसेवा अधीक्षकांकडून करून घ्या. उसने पैसे हा एकच व्यवहार या मैत्रीत शक्यतो आणू नये. दोघांचीही ओढाताण चाललेली असते आणि मग समोरासमोर येणं अवघड होतं.

कांगारू पद्धतीने बाळ छातीशी घ्यायला दिलं की दोघांनीही घ्या. बापाच्या छातीवरही बाळ तितकंच शांत राहतं. ओळीने लावलेल्या खुर्च्यांवर दोन-तीन आया एक-दोन तास बाळ उराशी घेऊन बसल्या की जे बोलणं होतं, ते दूध काढायच्या खोलीतही होत नाही. भारतात आणि आफ्रिकेतल्या चार देशांत झालेला, २०२१ साली प्रसिद्ध झालेला एक मोठा अभ्यास आहे. आपल्याकडचं केंद्र दिल्लीचं सफदरजंग रुग्णालय होतं. जन्मल्याबरोबर लहान बाळाला आईच्या छातीशी ठेवलं, आईची खाटच अतिदक्षता विभागात आणली, तर पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू सुमारे २५ टक्क्यांनी कमी होतात असं त्यात दिसलं. केंद्र सरकारनेही २०१७ मध्ये कुटुंबाला बाळाच्या काळजीत सामील करून घेण्याची मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. आई आत असली की शेजारची आईही आत असते, हा त्याचा मला दिसणारा जास्तीचा फायदा. तुमच्याकडे आईला दिवसातून दोनदाच आत सोडत असतील तर वेळ वाढवून मागा. दोघी-तिघींनी मिळून मागितलं की लवकर ऐकतात.

एका गोष्टीवर नजर ठेवा, स्वतःवर आणि मैत्रिणीवरही. बाळंतपणानंतर पहिले काही दिवस रडू येणं नेहमीचं आहे. पण दोन आठवडे उलटूनही मन उठत नसेल, वेळ मिळूनही झोप लागत नसेल, बाळाकडे बघावंसंच वाटत नसेल, जगू नये असं वाटत असेल, तर ते मैत्रिणीने पेलायचं काम नाही. त्याच दिवशी विभागातल्या डॉक्टरांना सांगा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. "सिस्टर, त्या काल रात्री असं म्हणाल्या" हे आम्हाला येऊन सांगणं म्हणजे चहाडी नाही.

तुमचा डिस्चार्ज बहुधा आधी होईल. जाण्याच्या दिवशी गुपचूप निघू नका. त्यांना भेटून, नंबर आहे ना हे बघून जा. पहिला आठवडा बाळामध्ये जाईल, फोन जमणार नाही, हेही आधीच सांगून ठेवा म्हणजे गैरसमज होत नाही. पुढे त्यांची मुलगी घरी आली की एकमेकींच्या घरी जायची घाई करू नका. पहिले काही महिने साधी सर्दीही या बाळांना परत दवाखान्यात आणते. घरात कुणी शिंकत असेल तर भेट रद्द, राग नाही. आणि तुलना तेव्हाही डोकं वर काढेल: त्यांची पालथी पडली, आमचा अजून नाही. या बाळांचं वय जन्मतारखेपासून नाही, डॉक्टरांनी दिलेल्या मूळ तारखेपासून धरायचं, दोन वर्षांचं होईपर्यंत. तुमचा मुलगा साधारण अकरा आठवडे आधी आला. तेवढे वजा करूनच त्याच्याकडे बघा.

भेटायला सगळ्यात सोयीची जागा म्हणजे तपासणीचा दिवस. ३४ आठवड्यांच्या आधी किंवा २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाने जन्मलेल्या प्रत्येक बाळाच्या डोळ्यांच्या पडद्याची तपासणी व्हायला हवी, पहिली जन्मापासून महिन्याच्या आत; २८ आठवड्यांच्या आधी किंवा १२०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाने आलेल्यांची तर दोन-तीन आठवड्यांतच. ती चुकली तर नजर जाऊ शकते आणि घरी गेल्यावर तीच सगळ्यात जास्त चुकते. तुमचं बाळ ११०० ग्रॅमचं, त्याची पहिली आताच व्हायला हवी; झाली नसेल तर उद्या राउंडला विचारा. त्यांच्या मुलीची कधी आहे हेही त्यांना विचारायला सांगा. सध्या त्यांच्या डोक्यात ते राहणार नाही. पुढच्या तपासण्या शक्य झाल्यास एकाच दिवशी मागून घ्या. डोळ्यांत थेंब घातल्यावर बाहुली मोठी व्हायला वेळ लागतो, बाकावर बराच वेळ बसावं लागतं, आणि एकीने बाळांकडे बघितलं की दुसरीला केसपेपर काढून आणता येतो.